फ्लाय फिशिंगची पहिली ट्रिप ठरवतोयस? आधी हे वाच

फ्लाय फिशिंग म्हणजे हलक्या बनावट माशीने मासे पकडणं. पहिल्यांदा जातोयस तर ट्राउट माशासाठी हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात जा. महसीर मासा नंतर. तारखा आधी बघ: नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे ट्राउट पकडायला बंदी असते आणि जुलै-ऑगस्टला पाणी गढूळ. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर धर. मनालीच्या बसने औटला उतरायचं, तिथून बंजारकडे.

गाइडला पैसे पाठवण्याआधी फोनवर नीट बोल. मत्स्य विभागाचं लायसन्स तो काढून देणार का? रॉड त्याचा की आपला? एका गाइडमागे माणसं किती? नवशिक्याला दोनापेक्षा जास्त नकोतच. आणि कास्टिंग, म्हणजे दोरी फेकणं, शिकवणार का, हे तर विचारच. "मासा नक्की मिळेल" म्हणणाऱ्यापेक्षा "आधी कधी केलंय का?" असं विचारणारा गाइड मला केव्हाही चालेल. तुला पकडलेला मासा परत सोडायचा असेल तर बिनकाट्याचे गळ मागून घे.

रॉड आत्ताच विकत घेऊ नकोस. कुणाचा पाच नंबरचा (हा नंबर दोरीच्या वजनाचा) मिळाला तर ठाण्यातल्या एखाद्या मोकळ्या मैदानावर सकाळी सराव कर. टोकाला गळ नाही, लोकरीचा तुकडा बांध. इथे वजन आमिषाला नसतं, दोरीला असतं. म्हणून दोरी मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मगच हात पुढे. घाई केलीस की चाबकासारखा फट्ट आवाज येतो. मागे वळून बघत शिक, लाजू नकोस. पोलराइज्ड (पाण्यावरची चमक कापणारा) गॉगल मात्र स्वतःचा घे, डोळ्यांसाठीसुद्धा.