बोकडाची लघवी तुंबली आहे, ऑपरेशन करावे का?

प्रश्न : उस्मानाबादी बोकड, वय नऊ महिने, वजन अंदाजे ३० किलो, ईदसाठी पाळला आहे. दोन महिन्यांचा असताना खच्ची केला. खुराकात मका, गव्हाचा भुसा आणि कडबा देतो. काल सकाळपासून कुंथतोय, लघवी थेंब थेंब येते. पोटफुगी समजून गोडेतेल पाजले. गावातल्या एकाने लघवी सुटायचे इंजेक्शन दिले, फरक नाही. ऑपरेशनने वाचेल का? (एक शेतकरी, ता. परंडा)

उत्तर : वाचू शकतो, पण आजच्या आज नेलात तर. हा बहुधा मुतखडा आहे, लघवीच्या वाटेत अडकलेला. आधी बोकड गाडीत घाला, बाकीचे वाटेत वाचा. गाडीची सोय नसेल तर जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ वर फोन करा.

तेल पाजले त्यात तुमची चूक नाही, कुंथणारे जनावर पाहिले की सगळ्यांना आधी पोटच आठवते. इंजेक्शन मात्र पुन्हा देऊ नका. पाइपाचे तोंड बंद असताना मोटार चालू ठेवली तर पाइप फुटतो, तसेच इथे मूत्राशयाचे होते. आणखी एक धोका ओळखून ठेवा. दिवसभर ओरडणारा, कुंथणारा बोकड अचानक शांत झाला की मालकाला वाटते, सुटला एकदाचा. लघवीची धार दिसली नसेल तर तो सुटलेला नाही, बहुधा मूत्राशय फुटून लघवी पोटात उतरली आहे. मग पोट दोन्ही बाजूंनी खाली लोंबते आणि काम फार अवघड होते.

शेळ्यांत मुतखडा अडकल्याचे क्वचितच दिसते, कारण त्यांची मूत्रनलिका आखूड आणि रुंद. बोकडाची लांब, अरुंद, मध्ये दुहेरी वळण आणि टोकाला गांडुळासारखी बारीक शेपटी. खडा बहुतेक त्या शेपटीत नाहीतर वळणात अडकतो. लिंगावरच्या कातडीच्या टोकाशी केस असतात, ते चिमटीत चोळून पाहा. वाळलेली पांढरी खर बोटांना लागली तर मुतखड्याची शंका पक्की धरा. खर नसली म्हणून मात्र थांबू नका.

दवाखान्यात डॉक्टर आधी ती शेपटी तपासतील. खडा तिथेच असेल तर शेपटी कापून टाकतात, मिनिटांचे काम, आणि पैदाशीच्या नराचेही त्याने सहसा नुकसान होत नाही. पण वर आणखी खडे असले तर दोन दिवसांत पुन्हा तुंबते, म्हणून धार लागली तरी लगेच घरी पळू नका. बाहेरून नळी घालून मूत्राशयापर्यंत पोचता येत नाही, वाटेत नलिकेला एक खोबण असते आणि नळीचे टोक तिथेच अडते.

खडा वर असेल तर सलाइन लावून, जागा बधिर करून पोटाच्या खालच्या बाजूला छेद घेतात. मूत्राशय रिकामे करून खडे काढतात आणि माणसांना लावतात तीच फुगा असलेली फोलीची नळी मूत्राशयात बसवून पोटाच्या कातडीतून बाहेर काढतात. लघवी नळीतून पडत राहते, तुंबलेल्या वाटेला विसावा मिळतो, सूज उतरते आणि औषधाने उरलेले खडे विरघळतात. आठवड्याभराने डॉक्टर नळीला चिमटा लावून पाहतात. खालून नीट धार आली तर आणखी काही दिवसांनी नळी काढतात. तोवर बोकड एकटा बांधा. कळपातली करडे नळी चघळतात, आणि तारेच्या कुंपणात अडकून उपसलेली नळी मी स्वतः पाहिली आहे.

बोकडाच्या मागच्या, खऱ्या शेपटीखाली लघवीसाठी नवे भोक पाडायची दुसरी शस्त्रक्रियाही आहे. ते भोक काही महिन्यांत आकसून बंद होण्याची शक्यता मोठी, म्हणून माझी पसंती नळीलाच. तालुक्याला सोय नसेल तर जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात (जनावरांच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात) किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. मूत्राशय फुटले असेल किंवा बोकड आडवा पडला असेल तर खर्च करण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, वाचण्याची आशा किती.

आता खुराक. गव्हाच्या भुशात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, मक्यातही कॅल्शियम नाहीच म्हणा. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट हवे, तुमच्याकडे उलटे झाले आणि त्यातून खडा धरला. लहानपणी खच्ची केल्याने नलिकाही बारीक राहिली. पुढच्या बोकडांना चार-सहा महिन्यांआधी खच्ची करू नका, खुराक कमी करून तुरीचा पाला, शेवरी, सुबाभूळ असा चारा वाढवा, मिठाची चाटण ठेवा. थंडीत पाणी कोमट दिले तर जास्त पितात.

प्रश्न : मुतखड्यावर नवसागर चालतो असे ऐकले. दुकानातून आणून देऊ का? (त्याच तालुक्यातून)

उत्तर : ऐकले ते खरे आहे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, त्याने लघवी आम्लधर्मी होते आणि भुसा-मक्याने होणारे खडे विरघळतात. पण कल्हईवाले वापरतात तो नवसागर पाजू नका, त्यात काय मिसळलेले असते ते कळत नाही. शुद्ध औषधाची मात्रा साधारण दर किलो वजनाला रोज २०० मिलीग्रॅम, म्हणजे ३० किलोच्या बोकडाला ६ ग्रॅम, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरतीच. चव खारट-कडू असल्याने गुळाच्या पाण्यातून द्या. वाट पूर्ण तुंबलेली असेल तर हे पाजत घरी बसू नका, लघवी मोकळी झाल्यावरचे हे औषध आहे. आणि ईदला विकायचा असेल तर प्रतिजैविक आणि इतर औषधे बंद केल्यावर मांसासाठी किती दिवस थांबायचे, ते चिठ्ठीवर लिहून घ्या.