तुमचा प्रश्न, आमची खटपट : लेसरचं बेलपान थांबेना!

प्रश्न : काका, नमस्कार. मी निपाणीत राहतो, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. घरच्या गणपतीमागच्या भिंतीवर लेसरची नक्षी पाडायची म्हणून जुन्या टेपरेकॉर्डरच्या दोन मोटरी काढल्या, त्यांवर आरशाचे तुकडे थोडे तिरके चिकटवले आणि लाल लेसर पॉइंटर लावला. एक मोटर चालवली की गोल येतो, खरं त्याला चिकटून फिकट दुसरी रेघही दिसते. दोन्ही चालवल्या की नुसता गिचमिडगाला. स्पीड कमी-जास्त करायला मध्ये व्हॉल्यूमचा पॉट (बटण फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) घातला, तर मोटर दाद देईना. मग मित्राच्या खेळण्यातल्या गाडीची मोटर लावून बघितली, तर पॉटमधून धूर आला. आई म्हणते, गुमान समई लाव. काय चुकतंय?

उत्तर : समई लावच, ती लेसर आला म्हणून चुकत नाही. बाकी तुझं चुकलंय थोडंच, आणि धूर काढण्यात तू काही पहिला नाहीस.

टेपच्या मोटरीपासून सुरू करू. बेळगावात शहापुरातल्या दुकानात मी तीस वर्षं मोटरी भरल्या, म्हणजे जळलेल्या मोटरींची तार नव्यानं गुंडाळली. उन्हाळा लागला की उसाच्या पंपाच्या मोटरी दारात रांगेनं पडायच्या, आणि त्यांच्यामधूनच कुणीतरी टेपरेकॉर्डर काखेत मारून यायचा : ‘गाणं रडतंय, बघा जरा.’ कॅसेट हळू ओढली गेली तर गाणं रडतं, जोरात ओढली तर किंचाळतं. म्हणून या मोटरीच्या पोटातच स्पीड धरून ठेवणारं सर्किट बसवलेलं असतं. १२ व्होल्टच्या पुष्कळ मोटरींवर २४०० असा आकडा छापलेला दिसेल, ते मिनिटाचे फेरे. तू बाहेरून व्होल्टेज कमी केलंस, ती आतून भरून काढते. अगदीच उपाशी ठेवलीस तर बंद पडते, खरं तुझ्या तालावर नाचत नाही. बऱ्याच मोटरींना मागं बारीक भोक असतं. त्यातून बारका स्क्रू-ड्रायव्हर घालून स्पीड थोडा इकडंतिकडं करता येतो, तेवढीच तिची मुभा.

हा हट्टीपणाच आपल्या कामाचा. दोनातली एक टेपची मोटर ठेव, दुसरी काढ आणि तिच्या जागी ती खेळण्यातली मोटर आण. एक मोटर तानपुऱ्यासारखी, सा धरून बसणारी. दुसरी गाणाऱ्यासारखी, हवी तशी वर-खाली जाणारी. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा तानपुऱ्याची उपमा मी हक्कानं वापरतो.

आता नक्षी कशी होते ते बघ. जत्रेतल्या पाळण्यात बसून एखाद्यानं काळोखात हातातली पेटती उदबत्ती गरागरा फिरवली, तर लांबून काय दिसेल? पाळण्याचा मोठा गोल आणि त्यावर हाताचे छोटे गोल. लेसर आधी पहिल्या आरशावर पडतो, तिथून दुसऱ्यावर आणि मग भिंतीवर. तुझा पहिला आरसा म्हणजे पाळणा, दुसरा म्हणजे हात. एक मोटर एक फेरा मारते तेवढ्यात दुसरी बरोबर दोन मारते आणि दोन्ही गोल एकमेकांच्या उलट फिरतात, असं झालं की भिंतीवर तीन पाकळ्या उमटतात. दोन्ही गोल सारख्या मापाचे असले तर पाकळ्या मधोमध एका बिंदूत मिळतात आणि अगदी बेलाचं पान दिसतं. एकास तीन केलंस तर चार पाकळ्या. उलट फिरत असतील तर आकड्यांची बेरीज, एकाच बाजूनं फिरत असतील तर वजाबाकी. म्हणजे एकास चार एकाच बाजूनं फिरवलंस तरी पाकळ्या तीनच, फक्त घाट वेगळा.

कुठली मोटर कुठल्या बाजूला फिरते याचा कागदावर हिशोब मांडत बसू नकोस. आरसे समोरासमोर असले की उजवं-डावं ओळखताना भल्याभल्यांचं डोकं फिरतं. खेळण्याच्या मोटरीच्या दोन वायरी अदलाबदल करून बघ आणि आवडेल ते ठेव. टेपच्या मोटरीच्या वायरी मात्र उलट्या करायच्या नाहीत, आतलं सर्किट जाईल.

तुझा गिचमिडगाला झाला तो यामुळंच. दोन्ही मोटरी २४०० च्या, म्हणजे जवळजवळ सारख्या, खरं अगदी सारख्या नाहीत. एकाच बाजूनं फिरत असतील तर गोल नुसता फुगतो आणि आकसतो, उलट फिरत असतील तर लांबट अंडं होऊन फिरत राहतं, बेलपान बनतच नाही. टेपची मोटर २४०० वर असेल तर खेळण्याची ४८०० वर आणायची. चित्र सेकंदाला चाळीसदा पुन्हा उमटतं, डोळ्याला सलग दिसतं. सेकंदाला वीसच्या खाली गेलास तर लुकलुकायला लागतं.

आणि ४८०० म्हणजे ४८००! समज ती मिनिटाला फक्त तीस फेरे जास्त फिरली, तर तुझं बेलपान सहा सेकंदांत एक पूर्ण गिरकी घेईल. तानपुऱ्याची तार जुळत आली की तिच्यातली लहर कशी मंद होत जाते, तशी ही गिरकीही मंद होत जाते. अगदी जुळलं की पान थांबतं. डोळ्यानंच जुळवायचं, मीटर नको. मला विचारशील तर पूर्ण थांबवूच नकोस, हळूहळू फिरणारं पानच गोड दिसतं. मोटर तापली की स्पीड सरकतो, म्हणून आधी दहा मिनिटं नुसती चालू ठेव आणि मग जुळव.

धुराचं कारण साधं. खेळण्याची मोटर ओझ्याखाली दोन-तीनशे मिलिॲम्पिअर सहज ओढते. पॉटमध्ये कार्बनचा पातळ थर असतो, तो आवाजाच्या किरकोळ करंटसाठी. त्यातून मोटर चालवायची म्हणजे सायकलवर उसाची मोळी. त्यापेक्षा एलएम-३१७ आण, ती व्होल्टेज हवं तेवढं धरून देणारी तीन पायांची आयसी. त्याला २४० ओहमचा रेझिस्टर आणि १ के चा, म्हणजे हजार ओहमचा, पॉट जोडलास की सव्वा व्होल्टपासून साधारण साडेसहापर्यंत मिळतं. इथं पॉटमधून जेमतेम पाच मिलिॲम्पिअर जातात, तो गरमही होणार नाही. एलएम-३१७ मात्र तापणार, त्याला ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूनं आवळ. दोन्ही मोटरींना ॲडॉप्टर वेगवेगळे दे, नाहीतर एकीनं आचका दिला की दुसरीही दचकते.

फिकट जुळी रेघ आरशामुळं येते. तोंड बघायच्या आरशात चांदी काचेच्या मागं असते. बहुतेक किरण मागून परततो, थोडासा पुढच्या काचेवरूनच फिरतो, म्हणून दोन रेघा. मोडलेला कागदाचा स्कॅनर भंगारात मिळाला तर सोडू नकोस. त्यात लांब पट्टीसारखे आरसे असतात आणि त्यांचा मुलामा वरच्या बाजूला असतो. त्यावर बोट लावायचं नाही, फडक्यानं घासायचं तर नाहीच. तसा आरसा मिळाला नाही तर साधाच वापर, घरच्या आराशीला कोण भिंग लावून बघतंय!

बसवायची रीत सांगतो. टेपच्या मोटरीवर पितळेची बारकी पुली असतेच, ती काढू नकोस. पाण्याच्या बाटलीचं झाकण तिच्यावर पालथं, बरोबर मधोमध, दोन ट्यूबांच्या इपॉक्सीनं चिकटव. झाकणावर एका कडेला लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी ठेव आणि त्यावर अडीच सेंटिमीटरचा आरसा. पट्टीनं आरशाची ती कड अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर उचलली जाते, म्हणजे साधारण एक अंशाचा तिरकेपणा. आरसा एक अंश कलला की किरण दोन अंश वळतो, म्हणून तीन मीटर लांबच्या भिंतीवर वीसेक सेंटिमीटर रुंदीचा गोल येतो. एवढा बास. जास्त पट्ट्या घातल्यास तर किरण दुसऱ्या आरशाच्या बाहेरच पडेल. दोन आरशांत पंधरा सेंटिमीटर अंतर असलं तर पहिल्याचा गोल दुसऱ्यावर सेंटिमीटरभर रुंद पडतो, तेवढी जागा त्याच्यावर हवी. किरण शक्यतो समोरून मार. फार तिरका मारलास तर गोलाचं अंडं होतं.

झटपट चिकटणारा गोंद वापरू नकोस. त्याची वाफ आरशावर पांढुरकी साय धरते. दुसरंही कारण आहे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा घाईत तोच लावला होता. स्पीड वाढवला, टक्‌ असा आवाज आला आणि आरसा समोरच्या कॅलेंडरमध्ये जाऊन रुतला. एकादशीच्या चौकटीत भोक पडलं, ते वर्षभर बायकोनं दाखवलं. तेव्हापासून मी आरशाच्या कडा पॉलिश पेपरनं मारतो, इपॉक्सी रात्रभर वाळू देतो आणि सगळा खेळ काळ्या रंगाच्या खोक्यात बंद करतो. किरण बाहेर पडायला एकच खिडकी, तीही माणसाच्या डोक्याच्या वर. लेसर पाच मिलिवॉटच्या वरचा नको. पोरं खोक्यात डोकावणार नाहीत एवढं बघ.

प्रश्न : आम्ही वडगावातल्या एका मंडळाचे कार्यकर्ते. हेच आरसे-मोटरीचं यंत्र मोठं करून, एक वॉटचा हिरवा लेसर लावून विसर्जन मिरवणुकीत ट्रॅक्टरवर बसवायचा विचार आहे. ऑनलाइन लेसर स्वस्त मिळतोय. कसं करायचं?

उत्तर : करायचं नाही.

दादांनो, रागावू नका. एक वॉट म्हणजे वरच्या पोराच्या पॉइंटरच्या दोनशे पट. अंधूक लेसर डोळ्यात गेला तर पाव सेकंदात पापणी मिटते आणि निभावतं. एक वॉटला पापणी पुरत नाही, ती मिटायच्या आत डोळ्याच्या आतला पडदा भाजलेला असतो, आणि भाजलेला पडदा पुन्हा भरून येत नाही. त्यात आपलं यंत्र भंगारातलं. गर्दीत वायर सुटली आणि मोटर थांबली तर नक्षी जाऊन एका जागी एकच ठिपका उरतो. तो नेमका गॅलरीत उभ्या असलेल्या कुणा म्हातारीच्या तोंडावर थांबला तर? २०२३ च्या गणेशोत्सवात कोल्हापूरकडं मिरवणुकीतल्या लेसरनं डोळे दुखावल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. शिवाय सांबऱ्याचं विमानतळ काही लांब नाही. आभाळात मारलेला किरण उतरणाऱ्या पायलटच्या डोळ्यात गेला तर पुढचं सांगायला नको.

स्वस्त हिरव्या लेसरची आणखी एक खोड. त्याच्या आत डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांपासून हिरवा बनवलेला असतो. स्वस्तातल्या मालात ते अदृश्य किरण गाळणारी काच कित्येकदा घातलेलीच नसते. न दिसणाऱ्याला पापणी तरी कशी मिटणार?

नक्षीच हवी तर मंडपात, मूर्तीच्या मागच्या पडद्यावर, पाच मिलिवॉटवर करा. यंत्र घेऊन दुकानात या, मी स्वतः जुळवून देतो. मिरवणुकीला ढोल आहेत की.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात हायस्कूलला विज्ञान शिकवते. मोटरी वगैरे जमणार नाही. मुलांना वर्गात दाखवण्यासारखं काही सोपं आहे का?

उत्तर : आहे की बाई, आणि ते जास्त जुनं आहे. लिसाजू नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५७ च्या सुमारास दोन ट्यूनिंग फोर्कना (ठोकलं की एकच सूर देणारे धातूचे चिमटे) आरसे लावून, त्यांवरून प्रकाश परतवून भिंतीवर अशाच आकृत्या काढल्या होत्या. तेव्हा लेसर जन्मायला शंभरेक वर्षं होती.

तुम्ही दोन्ही बाजू उघड्या असलेला पत्र्याचा डबा घ्या. एका तोंडावर फुगा कापून ताणून बसवा, रबराच्या रिंगनं आवळा आणि त्यावर नखाएवढा आरसा चिकटवा. लेसर स्टँडला बांधून त्या आरशावर मारा. उरलेल्या तोंडातून एखाद्या पोराला लांब ‘आऽ’ म्हणायला लावा. फळ्यावर ठिपक्याची जागा सोडून वेटोळं उठतं, ‘ई’ म्हटलं की बदलतं. पोरं घसा बसेपर्यंत ओरडतात, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा. आरसा बरोबर मध्यावर नको. तिथला रबर नुसता पुढं-मागं होतो, कलत नाही, आणि ठिपका जेमतेम हलतो. मध्य आणि कड यांच्या साधारण अर्ध्यावर लावा.