पंचनाम्याची वाट बघू नका, पन्हळ आधी दुरुस्त करा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. माजघर आणि पडवी यांच्या छपरांमधली पन्हळ माडाची झावळी पडून चेपली, भिंत ओली होतेय आणि नुकसानीचा पंचनामा करणाऱ्या ऑफिसातून "आमचा माणूस बघून जाईपर्यंत हात लावू नका" असं सांगितलंय म्हणून तुम्ही थांबलाय. आमचं श्रीवर्धन तालुक्यातलं घर अगदी यातूनच गेलंय.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं. वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, माडाचा शेंडा पन्हळीवर पडला, ती मधोमध दबली आणि एक सांधा उसवला. फुटक्या कौलांवर गावातल्या मुलांनी त्याच दिवशी ताडपत्री टाकली. पन्हळ मात्र तशीच राहिली, कारण एका ऑफिसातून (नाव लिहीत नाही) बजावलं होतं की दुरुस्ती केलीत तर नुकसान दिसणार नाही, मग आमच्याकडे येऊ नका. पाऊस काय थांबतोय! साहेब उगवले ते लावण्या उरकल्यावर, आणि ओटीवरूनच परत गेले. उतारा सासऱ्यांच्या नावावर, ते हयात नाहीत, तर आधी वारसनोंद करून आणा म्हणाले. ती करून नेली तेव्हा कळलं की छपराचं नुकसान धरतात, नुसती पन्हळ धरत नाहीत. हे एक वाक्य पहिल्या दिवशी सांगायला काय हरकत होती?

आमची भिंत चिऱ्याची, पण मातीत बांधलेली. तोवर सांध्यांतली माती धुऊन गेली होती, बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत आत जायचं. वरच्या तुळईला वाळवी लागली ती वेगळीच. पन्हळीचा खर्च किरकोळ होता, भिंतीने आणि तुळईने कंबरडं मोडलं. अजून लिहिताना संताप होतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: सगळ्या बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजायची टेप धरून. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मोडका तुकडा गोठ्यात ठेवून द्या, पत्र्याची आणि मजुरीची बिलं जपा आणि कामाला लागा. "हात लावू नका" हे लेखी द्या म्हणून सांगा, बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो. नियम बदलत असतात आणि मी काही वकील नाही, तेव्हा तुमच्याकडच्या जाणकाराला एकदा विचारा. पण ते विचारेपर्यंत पाणी भिंतीत मुरू देऊ नका.

आता काम. साफसफाई, शिडी कुणीतरी धरणं हे सांगत बसत नाही. (वीजमंडळाची वायर वळचणीजवळून जात असेल तर ॲल्युमिनियमची शिडी नकोच. शेवाळलेल्या कौलांवर भर पावसात चढूही नका. तोवर खालून ताडपत्री पन्हळीसारखी बांधून पाणी बाहेर काढा.)

घरात जिथे ठिबकतं तिथेच भोक असेल असं समजू नका. पाणी पत्र्याच्या खालून वाशावर येतं आणि वाशावरून कुठेही पळतं. उघाडीत वरच्या टोकाला बादलीने हळूहळू पाणी सोडा आणि आतून कुणाला तरी बॅटरी घेऊन उभं करा. पन्हळीत कुठे पाणी साचून राहतं ते बघा, कारण खरा रोग बहुतेक वेळा तिथे असतो. ढाळ (उतार) गेला की गंजायला सुरुवात होते. लेव्हलच्या नळीने (पाणी भरलेली पारदर्शक नळी) दोन्ही टोकं तपासा, दहा फुटांना निदान अर्धा इंच ढाळ हवा, आमच्याकडे एक इंच ठेवलाय. ढाळ न सुधारता नुसती भोकं बुजवलीत तर पुढच्या वर्षी शेजारी नवीन भोक.

पाण्याचा अंदाज असू द्या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. दोन्ही छपरं मिळून ६० चौरस मीटर आणि तासाला ५० मिलिमीटरची सर धरली तर तासाभरात ३००० लिटर पाणी त्या एका पन्हळीतून जायचंय. तिथे अरुंद पन्हळ नको, पाऊल मावेल एवढी रुंद करा.

स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. पत्रा आरपार गेला तर ठिगळ लावू नका, तेवढा तुकडा बदला. २४ गेजचा जीआय (जस्ताचा थर दिलेला, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड) पत्रा घ्या आणि जाडी दुकानातच मोजून घ्या. पातळ माल देणारे भेटतात. सांधा देताना वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर, निदान सहा इंच. सिलिकॉन लावणार असाल तर वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन जस्ताचा थर खातं, गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला ते चालत नाही, न्यूट्रल मागा. आणि कौल-पन्हळीच्या फटीत सिमेंट कोंबू नका, गवंडी कितीही आग्रह करो. उन्हात पत्रा फुगतो, सिमेंटला चीर जाते आणि पाणी त्या चिरेत अडकून राहतं. त्याऐवजी कौलं दोन-तीन इंच पन्हळीत पुढे येऊ द्या.

पुढच्या वळचणीला पीव्हीसी लावायचा विचार दिसतोय. लावा, पण सांध्यात मोकळीक ठेवा. तीन मीटरचा तुकडा हिवाळ्याच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत पाच-सहा मिलिमीटर वाढतो. क्लॅम्प दर दोन फुटांवर. जाळी मला पटत नाही, आंब्याचा पाला तिच्यावर गादीसारखा बसतो आणि पाणी वरून उडी मारतं. मृगाआधी एकदा आणि गणपतीआधी एकदा हाताने साफ केलेलं बरं.

जुनी पन्हळ सिमेंटची असेल तर मात्र ड्रिल, करवत काही चालवू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, धूळ छातीत जाते. ओली करून अख्खी उतरवा.

कौलं आणायची असतील तर जुनं एक कौल सोबत न्या. मंगलोरी कौल दिसायला सारखं, पण कारखाना बदलला की खाच बसत नाही.

पन्हळीचा खालच्या टोकाचा फोटो टाकता का? तुमच्या पहिल्या फोटोत पाणी बाहेर पडायची जागा भिंतीच्या फार जवळ वाटतेय. तसं असेल तर टोक फूटभर पुढे काढावं लागेल, त्याचं माप फोटो बघून सांगते.