रानकांदा हा आपल्या कांद्याचाच जंगली भाऊ आहे का?

नाही, आणि खाऊन तर अजिबात पाहू नका. कोकण-सह्याद्रीत ज्याला रानकांदा किंवा कोळकांदा म्हणतात त्याचं शास्त्रीय नाव ड्रिमिया इंडिका (जुन्या पुस्तकांत अर्जिनिया इंडिका). त्याचं कूळ शतावरीचं, ॲस्परॅगेसी. त्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी ग्लायकोसाइड्स नावाची रसायनं असतात, म्हणून तो विषारी. रस लागला तर कातडीला खाजही सुटते.

घरचा कांदा म्हणजे ॲलियम सेपा. हे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दिलं. ॲलियम वंश पूर्वी लिलिएसी (लिलीच्या) कुळात धरायचे, आता ॲमरिलिडेसी कुळात. जुनी आणि नवी पुस्तकं जुळत नाहीत ती यामुळेच. लसूण (ॲलियम सटायव्हम) याच वंशातली. शॅलट नावाच्या छोट्या गुच्छकांद्याला पूर्वी ॲलियम ॲस्कॅलोनिकम अशी वेगळी जात मानत. आता तो सेपाचाच ॲग्रिगेटम गट. कांद्याचे खरे जंगली नातलग मध्य आशियात आहेत, उदाहरणार्थ ॲलियम वाविलोवी.

ओळखायचं कसं? पान चुरगळा (हातमोजे घालून), कांद्या-लसणीचा वास नसेल तर ते ॲलियम नव्हे. पण नुसत्या वासावर विसंबू नका, हाताला आधीचा कांद्याचा वास असला की फसगत होते. फुलोरा बघा: ॲलियममध्ये फुलांचे सगळे देठ दांड्याच्या टोकाला एकाच बिंदूतून छत्रीसारखे फुटतात. रानकांद्यात मात्र फुलं लांब दांड्यावर एकाआड एक लागतात, तीही बहुधा पानं येण्याआधी उन्हाळ्यात.