पाऊल रुंद, चप्पल अरुंद

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

बायकांच्या चपला, सँडल आणि बुटांबद्दल प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आहे: पुढून चावते, मागून निघते. म्हणून त्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे.

माझा नंबर ५. पण बंद बूट घेतला की करंगळी आवळते, म्हणून ६ घेते. मग टाच मागून निघते आणि जिना उतरताना पाय पुढे सरकतो. रोज डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत बहुधा उभ्यानेच प्रवास असतो. नक्की कोणता नंबर घेऊ?
— शिक्षिका, डोंबिवली

नंबर ५च घ्या, पण रुंद फर्म्यावर बनलेला. फर्मा म्हणजे ज्यावर चढवून बूट बनवतात तो पावलाच्या आकाराचा ठोकळा. नंबर फक्त लांबी सांगतो. ब्रिटिश मापात एका नंबरमागे लांबी ८.४६ मिमी वाढते, ३७-३८ वगैरे युरोपीय मापात ६.६७ मिमी. चवड्याचा घेर मात्र एका ब्रिटिश नंबरमागे साधारण ५-६ मिमीच वाढतो. समजा तुमच्या चवड्याला १० मिमी घेर कमी पडतोय. तो नंबर वाढवून मिळवायचा तर दोन नंबर वर जावं लागेल आणि बूट १७ मिमी लांब होईल. तुम्ही एकच नंबर वाढवलात, त्यामुळे करंगळी अजूनही थोडी आवळत असणार, आणि टाच तर सुटलीच.

दुसरं नुकसान चटकन लक्षात येत नाही. पाऊल जिथे वाकतं तो अंगठ्याच्या बुडाचा सांधा टाचेपासून पावलाच्या लांबीच्या साधारण ७२-७३ टक्क्यांवर असतो. बूटही तिथेच वाकायला हवा. एक नंबर मोठा घेतला की वाकण्याची जागा सुमारे ६ मिमी पुढे जाते. पाऊल एकीकडे वाकतं, तळ दुसरीकडे, आणि बूट निघू नये म्हणून बोटं दर पावलाला आतल्या आत आवळून धरावी लागतात. संध्याकाळी तळवे भरून येतात त्याचं हे एक कारण.

घरी माप असं घ्या. वेळ संध्याकाळची, कारण दिवसभरात पाऊल थोडं सुजतं. फरशीवर कागद, टाच भिंतीला टेकलेली, दोन्ही पायांवर सारखा भार. बसून घेतलेलं माप उपयोगाचं नाही; भार पडला की पाऊल लांबही होतं आणि पसरतंही. रेघ दुसऱ्याने मारावी, पेन्सिल अगदी उभी धरून. ती आत कलली तर कमानीखाली शिरते आणि माप कमी येतं. लांबी सर्वांत पुढच्या बोटापर्यंत मोजा, ते पुष्कळ जणींत अंगठ्याशेजारचं असतं. मग शिंप्याची टेप अंगठ्याच्या बुडाचं हाड आणि करंगळीच्या बुडाचं हाड यांवरून फिरवा. टेप नुसती टेकली पाहिजे, ओढायची नाही. हा तुमचा घेर. दोन्ही पायांचा घ्या आणि मोठा धरा.

दुकानात बुटाचा सुटा इनसोल, म्हणजे आतली पातळ गादी, बाहेर काढा आणि त्यावर उभ्या राहा. कडेबाहेर २-३ मिमी मांस आलं तर हरकत नाही. करंगळीच बाहेर पडत असेल तर तो बूट पायात घालून बघण्यातही वेळ घालवू नका. पुढे सर्वांत लांब बोटापलीकडे १०-१२ मिमी मोकळं हवं. टोकदार बुटात त्याहून जास्त, कारण टोकाच्या जागेत बोट शिरतच नाही. "वापरून सैल होईल" हे विक्रेत्याचं वाक्य चामड्याला थोडंफार लागू आहे, रेक्झिनला अजिबात नाही. रेक्झिन सैल होत नाही, तडकतं.

आपल्याकडच्या बायकांचे पाय खरंच वेगळे असतात, की ही नुसती समजूत?
— वाचक, गिरगाव

समजूत नाही, मोजून झालेलं आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशाच्या पाच विभागांत एक लाखाहून अधिक लोकांची पावलं त्रिमितीय स्कॅनरने मोजली. भारतीय पावलं युरोपीय-अमेरिकी पावलांपेक्षा रुंद निघाली. बाईच्या पावलाची वाढ साधारण ११व्या वर्षी पूर्ण होते, पुरुषाच्या पावलाची १५-१६व्या वर्षी, हेही त्यातून दिसलं. त्याच मोजणीवरून 'भा' ही भारतीय मापपद्धती सुचवली गेली.

यात जन्मजात ठेवण किती आणि सवय किती, हा प्रश्न उरतो. सवयीचा वाटा मोठा आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेहमी अनवाणी चालणाऱ्या भारतीयांची पावलं पादत्राणं वापरणाऱ्यांपेक्षा रुंद आढळली, आणि तळव्यावरचा दाबही जास्त सारखा वाटलेला होता. घरात अनवाणी वावरणाऱ्या पावलाची बोटं मोकळी पसरतात. त्यात बिघाड काही नाही. पाऊल असंच असायला हवं.

मुलींच्या आयांसाठी आणखी एक गोष्ट. १९९२ साली २,३०० भारतीय मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. पादत्राणं वापरणाऱ्यांत सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के होतं, अनवाणी मुलांत २.८ टक्के, आणि ते सर्वांत जास्त होतं बंद बूट घालणाऱ्यांत. शाळेचा बूट घरी आल्या आल्या काढायला लावा.

बंद बुटात जोडव्याचं बोट काळंनिळं होतं. जोडवी काढायची नाहीत. उपाय?
— वाचक, लालबाग

बहुतेक फर्म्यांत जोडव्यांचा विचारच नसतो. आपल्याकडे विकायच्या बुटात ही चूक धरली पाहिजे. जोडवं बोटाची जाडी दोन्ही बाजूंनी आणि वरूनही वाढवतं, म्हणून तुम्हाला रुंदीइतकीच टोकाजवळची उंची हवी. गोल किंवा चौकोनी टोकाचा, वर शिवण नसलेला, जाळीदार किंवा मऊ चामड्याचा बूट बघा. माप जोडव्यांसकट घ्या. बंद बूट घालायच्या दिवशी नक्षीची, वर खडा असलेली जोडवी नकोत. सपाट, बारीक वेढ्याची चालतील.

ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या कारागिरांकडून बायकांच्या सँडल आणि बंद चपला करून विकायच्या आहेत. तयार फर्मे वापरले तर तक्रारी येतात. स्वतःचा फर्मा करायचा तर सुरुवात कुठून करू?
— वाचक, चेंबूर

सुरुवात पावलांपासून. आधी एकच मूळ नंबर धरा, ५ किंवा ३८, आणि तो घालणाऱ्या निदान ३०-४० जणी मोजा. तुमचं गिऱ्हाईक पस्तिशीपुढचं असेल तर कॉलेजच्या मुली मोजून काही हाती लागणार नाही. गरोदरपणात पायाची कमान बसते आणि पाऊल काही मिलिमीटर लांब-रुंद होतं, पुष्कळदा ते तसंच राहतं. प्रत्येकीची सहा मापं घ्या: पूर्ण लांबी, टाचेपासून अंगठ्याच्या सांध्यापर्यंतची लांबी, चवड्याची रुंदी, चवड्याचा घेर, पावलाच्या उंचवट्यावरचा घेर आणि टाचेची रुंदी.

आता सरासरी काढून मोकळं होऊ नका. सरासरी घेराची चप्पल निम्म्या जणींना आवळते आणि उरलेल्यांतल्या कित्येकींना सैल होते. घेराचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लिहा, गर्दी कुठे आहे ते दिसेल. एकाच लांबीत दोन घेर काढणं परवडत असेल तर तेच करा. परवडत नसेल तर मोठ्या बाजूकडे झुका आणि पट्टा कमी-जास्त करता येईल असा ठेवा.

सर्वांत जास्त बिघडतं ते पुढच्या पायरीला. कारागिराला "रुंद कर" म्हटलं की फर्मा सगळीकडून फुगतो. आपल्याला चवडा रुंद हवा आहे, टाच नव्हे. टाच मूळ मापाचीच ठेवा. भर करंगळीच्या बाजूला आणि चवड्याच्या वर घाला. जुन्या फर्म्यावर चामड्याचे दीड-दोन मिमीचे तुकडे चिकटवून, कडा घासून उतरत्या करून आधी नमुना बनवता येतो. तुकडा लावल्यावर घेर किती वाढला ते टेपने मोजा, अंदाजावर जाऊ नका. नमुना पसंत पडला की मगच नवा फर्मा कोरायला द्या.

पट्ट्यांबद्दल. पट्ट्याची कड अंगठ्याच्या बुडाच्या हाडावर आली की तिथे घट्टा पडणारच, म्हणून पट्टा एक तर त्या हाडाच्या पुढे संपवा किंवा पूर्ण झाकेल इतका रुंद घ्या. आपल्याकडे चप्पल दारात, देवळात, दवाखान्यात सारखी काढावी लागते. प्रत्येक वेळी बक्कल कोण सोडणार? बायका मागचा पट्टा टाचेखाली दाबून चालतात आणि तो महिन्यात तुटतो. बकलाशी २० मिमी रुंदीचं इलॅस्टिक द्या, म्हणजे बक्कल लावलेलं ठेवून पाय आत-बाहेर होतो. बक्कल बाहेरच्या बाजूला असू द्या. आतल्या बाजूचं बक्कल साडीच्या काठात अडकतं.

हील २५-३० मिमीच्या वर असेल तर कमानीखाली स्टीलची पट्टी हवी, टाचेपासून चवड्याच्या सांध्याच्या किंचित मागे थांबणारी. ती सांध्यापुढे गेली तर चप्पल वाकत नाही. गाळली तर तळ मधे खचतो आणि हील मागे पडते. आतली गादी ४-५ मिमी पुरे, पण लिबलिबीत फोम नको. दुकानात तो छान लागतो, दोन आठवड्यांत बसतो आणि खालचा पुठ्ठा टोचू लागतो. त्या पुठ्ठ्यात पाणी गेलं की लगदा होतो, म्हणून पावसाळी मालात पुठ्ठा घालूच नका.

तळ सुटण्याच्या तक्रारीत दरवेळी सोल्युशन (चिकटवायचा गोंद) वाईट नसतं, घाई असते. दोन्ही पृष्ठभाग घासून खरखरीत करायचे, धूळ झटकायची, पातळ दोन हात द्यायचे, प्रत्येक हात नीट सुकू द्यायचा, गरम करून दाबायचं. टीपीआर (थर्मोप्लास्टिक रबर) तळाला आधी त्याचा प्रायमर, म्हणजे गोंद धरावा म्हणून लावायचा पहिला हात, लागतोच. जुलैच्या दमट हवेत सुकायला जास्त वेळ द्या.

माल काढण्याआधी सहा जोड सहा जणींना १५ दिवस वापरायला द्या. लोकल, जिने, ओला प्लॅटफॉर्म, सगळं होऊ दे. परत आल्यावर "कशी वाटली?" एवढंच विचारून थांबू नका. अस्तर कुठे घासलंय आणि गादीवर बोटांचे ठसे कुठे उमटलेत ते बघा. ठसे कडेवर चढले असतील तर फर्मा अजून अरुंद आहे.

लग्नात एकदाच घातलेल्या महागड्या सँडल तीन वर्षांनी काढल्या, तर तळाचा भुगा झाला. फसवणूक का?
— वाचक, विलेपार्ले

बहुधा फसवणूक नाही. तो तळ पॉलिस्टर प्रकारच्या पीयूचा (पॉलियुरेथेनचा) असणार. हवेतल्या ओलाव्याने त्याची रासायनिक साखळी तुटत जाते, सँडल वापरा किंवा नुसती ठेवा. मुंबईच्या दमट हवेत हे लवकर होतं, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवली तर ओल आतच कोंडते. भुगा सुरू झाल्यावर चिकटवून उपयोग नाही. वरचा भाग धड असेल तर रबरी तळ लावून घ्या. यापुढे क्वचित वापरायच्या जोडाला रबर किंवा टीपीआरचा तळ बघा आणि तो कापडी पिशवीत ठेवा.

आईला १५ वर्षं मधुमेह आहे. तिला अंगठ्याची कोल्हापुरीच आवडते. चालेल का?
— वाचक, ठाणे

पावलाची संवेदना शाबूत आहे का, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. ती कमी झाली असेल तर चालणार नाही. कोल्हापुरी पुढून उघडी असते, त्यामुळे रुंद चवड्याला छान बसते. पण चपलेचा अंगठा आणि पट्टा कातडी घासतात, ते आईंना कळणार नाही, आणि जखम आधी तुम्हाला दिसेल. त्यांना मऊ एमसीआरच्या (बारीक छिद्रांच्या रबराच्या) गादीची, मागे पट्टा असलेली, वेल्क्रोची, आत एकही खिळा नसलेली सँडल द्या. पहिल्या दिवशी फक्त तासभर घालू द्या, मग पाऊल उजेडात नीट बघा. लाल झालेली जागा अर्ध्या तासात मावळली नाही तर ती सँडल परत करा. घालण्याआधी दरवेळी आत हात फिरवून खडा, सुटलेली शिवण, काही टोचतंय का ते बघायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.