आईंना केअर होममध्ये ठेवताय? आधी एवढंच बघा

ताई, अर्धांगवायूनंतर आईंचं सगळं घरी झेपत नाही, यात तुमचं काहीही चुकत नाही.

जागा जवळची घ्या. कर्जत-नेरळची हिरवळ बघून लोक भुलतात, मग ठाण्याहून रविवारीसुद्धा जाणं होत नाही. घोडबंदरच्या बाजूला शोधा, ऑफिसातून येता-जाता डोकावता येईल असं.

बघायला संध्याकाळी सातनंतर जा. सकाळी सगळंच चकाचक असतं. थेट विचारा:
- रात्री किती जणांमागे एक मावशी? नर्स असते का?
- रात्री तब्येत बिघडली तर कुठल्या हॉस्पिटलात नेतात?
- डायपर, फिजिओ फीमध्येच की वेगळं? डिपॉझिट परत कधी? (हे लेखीच घ्या.)

‘दोनच दिवस राहायचंय’ असं आईंना खोटं सांगू नका. नव्वद टक्के घरं इथेच घसरतात असं मला वाटतं, आणि विश्वास गेला की जेवणही जात नाही. पहिले काही आठवडे त्या ‘घरी ने’ म्हणतीलच. घाबरून लगेच परत आणू नका. मात्र दर भेटीत कंबर आणि टाचा बघा. कातडी लाल दिसली तर ती बेडसोरची (एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात असू शकते, त्याच दिवशी नर्सला दाखवा.

अडलं तर १४५६७ ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन मोफत. बँक, मृत्युपत्र वगैरे आईंचं बस्तान बसल्यावर बोलू.