इतकी वर्षं इंग्रजी शिकूनही कोरियन माणूस बोलताना का अडखळतो?

तुम्ही विचारलंय की ऑनलाइन भाषा-देवाणघेवाणीतला कोरियन जोडीदार शाळेपासून इंग्रजी शिकलाय, तरी बोलताना अडतो, मग सराव कसा घ्यायचा.

तिकडे इंग्रजीचा सोस जबरदस्त आहे, पण तो गुणांसाठी. १९९७ पासून इंग्रजी तिसरीपासून शिकवतात. शाळा सुटली की हाग्वॉन, म्हणजे खाजगी क्लास. शेवटी सुनुंग ही विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा: इंग्रजीचे ४५ प्रश्न, ७० मिनिटं, त्यातले १७ ऐकून सोडवायचे. ते ऐकणं चालू असताना देशभर विमानांची ये-जा अर्धा-पाऊण तास थांबवतात! पण तोंडातून एक वाक्यही काढावं लागत नाही. नोकरीसाठीची नेहमीची इंग्रजी परीक्षा टोइक ९९० गुणांची, तीही ऐकणं-वाचणंच.

दुसरी अडचण लिपीची. हांगुलमध्ये आपल्यासारखं जोडाक्षर नाही, म्हणून 'स्ट्राइक'चं 'सु-थु-रा-इ-खु' होतं, चक्क पाच ठोके. 'फाइल' आणि 'पाइल' लिहिताना एकच, 'राइस' आणि 'लाइस'सुद्धा एकच. 'झू'चं 'जू' होतं, जीवनातल्या ज सारखं.

यावर उपाय साधा आहे. जोडीदाराला गळ्यावर बोटं ठेवून 'स्स्स्ट्राइक' म्हणायला सांगा. 'रा' येईपर्यंत घसा थरथरता कामा नये. थरथरला तर मध्ये उकार घुसलाय. 'फ'साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा सोडायची. एका बैठकीत एकच ध्वनी घ्या, दहा मिनिटं पुरेत. सगळं एकदम दुरुस्त करायला गेलात तर तो गप्प बसेल.

शब्दांतही फसगत होते. कोरियनमधली 'सर्व्हिस' म्हणजे हॉटेलवाल्याने फुकट दिलेला पदार्थ, 'कनिंग' म्हणजे परीक्षेतली कॉपी. तो हे शब्द अस्सल इंग्रजी समजून वापरतो, तेव्हा आधी अर्थ विचारा.

वाक्यरचनेत मात्र तुम्ही दोघं एकाच बोटीत. क्रियापद शेवटी, इंग्रजीतल्या 'ए', 'द' सारखे शब्द नाहीत, आणि 'जेवला नाहीस?' याला उत्तर 'हो, नाही जेवलो'. इंग्रजीत तिथे 'नो' लागतं. तो 'येस' म्हणून थांबला तर तुम्हाला ते बरोबरच वाटेल, म्हणून अशा प्रश्नाचं उत्तर दोघांनीही पूर्ण वाक्यातच द्यायचं ठरवा.